डावखुरी

कास्त्रोच्या चढावरच्या दुकानात
म्हाताऱ्या इपोलितोने तीन गोल करवती मांडल्या,
बाजारात मासे मांडतात तशा,
पोटं वर करून.

ही बॅटरीवाली. हलकी.
पण लुमाच्या ओल्या खांबात अर्ध्यावर धाप लागते हिला.
ही थोरली, दहा इंची, उचलून तर बघ.
उचलली. मनगट नाही म्हणालं.
आणि ही सव्वासात इंची, वायरची.
बहुतेकांचं भागतं हिच्यात, पण पातं उजव्या अंगाला,
रेघ मोटरीआड जाते,
लोक मान वाकडी करकरून शिव्या घालतात.

मी डाव्या हाताने धरली.
रेघ समोर. उघडी.
ओहोटीला वर येणाऱ्या पायवाटेसारखी.

चाळीस वर्षं हा हात
कात्रीशी भांडला, शाळेतल्या बाईंशी भांडला,
विळ्याशी तर रक्त निघेपर्यंत.
आज पहिल्यांदा एका वस्तूने त्याला
'तू कुठला?' असं विचारलं नाही.

दातांचं विचारलं तर म्हणाला,
चोवीस दाती घे, वासे-खांब भराभर निघतील.
साठ दाती कपाटाला,
कुणी निरखून बघणार असेल तर.
मी दोन्ही पाती घेतली. त्याच्या भुवया वर गेल्या.
म्हटलं, बघणारे घरात आहेत.

बघणारे म्हणजे बाबा. गुमेर्सिन्दो काइकेओ,
एकेकाळी अकरा होड्या, एक देवळाचं छप्पर,
उजव्या हाताला आता अंगठा आणि दोन बोटं.
करवतीच्या गार्डला ते पाचर मारून ठेवायचे, उघडंच.
वेळ वाचतो म्हणायचे.
तो सगळा वाचलेला वेळ
आता त्यांच्यापाशी आहे,
खिडकीतल्या खुर्चीत.

घराखालून पाणी गेल्यावर मी फळ्या काढल्या.
समुद्रावरच्या पायवाटेला तेपाच्या नव्या अठरा हव्यात.
करवतीची वायर प्लगमध्ये जायच्या आधीच
खिडकीतून आवाज:
खोली बांधलीस?
बांधली.
किती?
फळीखाली दात डोकावेल एवढी.
ह्म्. चांगली बाजू खाली कर,
दात खालून वर येतात, फाटतं ते वरच्या अंगाला.

हातकरवत जाता कापते, येता कापते,
तिचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक.
हिला जाणं-येणं नाही. ही जागच्या जागी फिरते
आणि येते ती एकदाच,
फळी मिटून तिने पातं चावलं की,
सरळ तुझ्या मांडीवर.
हे बाबांनी सांगितलं नाही.
हे मी त्या संध्याकाळी होडीशाळेत
भुशावर पाहिलं होतं, नऊ वर्षांची असताना.

म्हणून दोन्ही घोडे रेघेच्या एकाच बाजूला,
टोक हवेत.
म्हणून मी पात्याच्या ओळीत नाही, किंचित बाजूला.
पडणारा तुकडा पडू द्यायचा.
त्याला धरायला हात जातोच,
जाऊ द्यायचा नाही.

बटण दाबलं. पूर्ण वेगात येऊ दिली, मग लाकडाला लावली.
भुसा ओला, जड, काकडीसारख्या वासाचा.
मध्येच गाठ आली, सूर घोगरा झाला
आणि खिडकी पुन्हा ओरडली:
ढकलू नकोस! तिचं तिला खाऊ दे!
त्यांना तिथून फळी दिसत नाही.
त्यांनी ऐकलं होतं.

कापून झालं. गार्ड खट्कन मिटलं.
पातं थांबेपर्यंत मी हातातच धरून उभी राहिले,
खालच्या चिखलात कुणाचं तरी कुत्रं
शिंपले हुंगत फिरत होतं.

फळी त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली.
अंगठा कडेवरून फिरला. सावकाश.
साठ दाती लावलंस? त्यांनी विचारलं,
पायाखालच्या फळीला?
वेडी आहेस.

आणि अंगठा परत
सुरुवातीपासून फिरवला.